दोन बोटं प्ले

नेमेसिओ म्हणतो, गाडीला आपली जुनी बाजू आठवते.

जपानात तिचं स्टिअरिंग उजवीकडे होतं.
बोटीतून उतरली, डोंगर चढून इथवर आली,
आणि ओरुरोच्या कुठल्याशा पत्र्याच्या शेडमध्ये
कुणीतरी ते उपटून डावीकडे बसवलं.
डॅशबोर्डात उजवीकडे भोक राहिलं,
भोकावर प्लायवूड, प्लायवूडवर
त्याच्या मुलीने चिकटवलेला एक निळा घोडा.
म्हणून ओढते ती उजवीकडे, तो म्हणतो.
मन तिथेच राहिलंय तिचं.

फिदेलिया कोकाची पानं एका गालातून दुसऱ्या गालात ढकलते.
केव्हापासून ओढते?

तो बोटांवर मोजतो. दोन वर्षं.
आणि गाडी घेऊन?
सहा.

बरीच उशिरा आठवण आली म्हणायची.
बॅटरी आण रे, ती मला सांगते.

आधी दोन मेकॅनिक झाले होते.
पहिल्याने रॅक बदलला,
दुसऱ्याने बदललेला रॅक बदलला.
कार्निवलच्या मंगळवारी बॉनेटवर बियर ओतून झाली,
रंगीत कागदाच्या टिकल्या अजून वायपरखाली आहेत.
त्याबद्दल ती काही बोलत नाही.
बियर तिनेही ओतली होती, जॅकवर.

हवा बघते. सारखी.
पुढची दोन चाकं आपसांत बदलते,
टायर खोटा असेल तर खोट बाजू बदलेल,
आणि चक्कर मारून येते.
उजवीकडेच.
मग इंजिन बंद न करता स्टिअरिंग नुसतं हलवत बसते,
झोपलेल्या पोराचं मनगट हलवावं तसं.
दोन बोटं फिरतं, तोवर चाकाला पत्ताच नाही.
ही दोन बोटं कुठेतरी सांडतायत. शोध.

गाडी जॅकवर. मी डावं चाक धरतो,
घड्याळातल्या नऊला आणि तीनला,
हिसका देतो. काही नाही.
उजवं. टक्.
बाराला आणि सहाला धरतो, गप्प.
परत नऊ-तीन. टक्.
टाय रॉडच्या टोकाचं रबर फाटलेलं,
आत ग्रीसच्या जागी मीठ.
उयुनीच्या मिठागरावरून हा माणूस प्रवासी नेतो
आणि घरी येऊन फक्त काचा धुतो.

सापडलं! मी म्हणतो.
टक् सापडलं, ती म्हणते. ओढणं कुठाय?

नेमेसिओला चक्कर मारायला पाठवते. ब्रेक कमीत कमी दाब.
तो परततो तेव्हा ती उकिडवी बसते,
तवा तापला का बघावं तसा तळवा
डाव्या चाकाजवळ नेते. कोमट.
उजव्याजवळ नेते आणि झटक्यात मागे घेते.

स्टिअरिंगचं काही नाही रे.
ब्रेक धरून बसलाय. पिना मिठाने जाम झाल्यात.
तू पाय काढतोस, हा सोडत नाही.

नेमेसिओ निळ्या घोड्याकडे बघतो.
दोन रॅकचे पैसे मनातल्या मनात
पुन्हा एकदा देतो, चेहऱ्यावरून कळतं.

दुपार पिना घासण्यात जाते.
टाय रॉडला नवं टोक. मग मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत
सुतळी ताणून ती एक डोळा मिटते,
अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे,
वाऱ्याने सुतळी थरथरली की थांबते,
वारा पडेपर्यंत शिव्या देते.

संध्याकाळी तो गाडी बाहेर काढतो.
चायापाताचा रस्ता, सरळ, रिकामा.
आम्ही दारात उभे.
गाडी डावीकडे जायला लागते.
जाते, जाते, पलीकडच्या बाजूला पोचते,
एक लामा मान वर करून बघतो,
आणि मग दचकल्यासारखी मागे येते.
परत डावीकडे.

मी सुतळीकडे बघतो. अर्धा आटा माझ्या हातून झाला होता.

सुतळी बरोबर आहे, फिदेलिया म्हणते.
दोन वर्षं तो डावीकडे खेचत होता, अजून खेचतोय.

किती दिवस लागतील?

ती हात चिंधीला पुसते, एकेक बोट.
आठवडा. ते काम मी करत नाही.